नियम क्रमांक चार

आमच्या शाळेत भरलेल्या वादविवाद स्पर्धेचं परिपत्रक मीच लिहिलं होतं. एकूण अकरा नियम होते आणि त्यातला चौथा असा होता : 'भाषण स्पर्धकाने स्वतः तयार केलेले असावे.' तो लिहिताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही. हा नियम सगळ्याच परिपत्रकांत असतो आणि तो कोणीच पाळत नाही. 'येथे चपला काढू नयेत' अशी पाटी देवळाबाहेर असते आणि बरोबर तिच्याखालीच चपलांचा ढीग असतो, तसलाच हा प्रकार.

आमच्याकडे भाषण मास्तर लिहितो आणि मुलं पाठ करतात. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे नोकरी लागली त्या वर्षापासून हे काम माझ्याकडे आलं ते आलंच. वक्तृत्व, वादविवाद, कथाकथन, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, सगळं माझ्याच वहीतून जायचं. हातवारे कुठे करायचे, आवाज कुठे चढवायचा, पाणावलेल्या डोळ्यांनी कुठे थांबायचं, हेसुद्धा मी समासात लाल पेनाने लिहून द्यायचो. आणि तालमीच्या शेवटी एक प्रश्न हमखास विचारायचो : "परीक्षकांनी विचारलं, भाषण कोणी लिहिलं, तर काय सांगायचं?" मुलं एका सुरात म्हणायची, "मी स्वतः लिहिलं, सर." हे उत्तरही पाठच असायचं. त्याला मी खोटं म्हणत नव्हतो, तयारी म्हणत होतो.

आमची शाळा धामणगाव बढ्यापासून थोडी आत, साध्या गावातली. करंडक, शाल-श्रीफळ, बाहेरून येणारे संघ, असलं काही तिथे कधी झालं नव्हतं. संस्थेच्या अध्यक्षांच्या वडिलांच्या स्मरणार्थ स्पर्धा घ्यायची ठरली आणि मुख्याध्यापकांनी ती माझ्या गळ्यात टाकली. मला मनातून आनंद झाला होता, उगाच खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं दुसऱ्यांच्या स्पर्धांना एसटीने पोरं घेऊन जाणारा माणूस मी. आता लोक आपल्याकडे येणार म्हटल्यावर छाती जरा फुगतेच.

विषय ठरला : 'माध्यमिक शाळांमध्ये मोबाईलवर बंदी असावी.' प्रत्येक शाळेचा एक संघ, संघात दोघं. एकाने अनुकूल बोलायचं, दुसऱ्याने प्रतिकूल. यजमान शाळेचा संघ बोलतो, पण करंडक घेत नाही, आणि त्याला सगळ्यांत शेवटी बोलावतात. घरच्यांनी पाहुण्यांच्या आधी जेवू नये, तशी ती रीत. ही रीत आमच्या अंगाशी येईल असं तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

आमच्या संघात प्रतिकूल बाजूला मी दहावीतली एक मुलगी घेतली. आई-वडील भाजीपाला पिकवणारे. वडील शेत बघायचे आणि आई आठवडी बाजारात बसायची. ही मुलगी आठवीपासून माझ्या मागे लागली होती. "सर, मले माईकवर बोलू द्या ना एकडाव." आवाज खणखणीत, पण बोलणं पक्कं वऱ्हाडी, म्हणून मी दरवर्षी टाळत आलो होतो. या वर्षी म्हटलं, करंडक तर आपल्याला मिळणारच नाही, घेऊ हिला. मोठं मन वगैरे काही नव्हतं त्यात.

तिला मात्र करंडकाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एकच हवं होतं, आईने एकदा येऊन ऐकावं. आई शाळेत कधी आली नव्हती. पालकसभा बाजाराच्या दिवशी असायची, आणि बाजार सोडून सभेला येणं त्यांना परवडणारं नव्हतं. मुलीने महिनाभर आधीपासून आईच्या मागे लकडा लावला होता. शेवटी आई हो म्हणाली. हे मला मुलीनेच सांगितलं, वर्गाच्या दारात, धापा टाकत. "सर, माय येते म्हने! बाजार टाकून येते!"

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तिने मला वहीची दोन पानं आणून दिली. स्वतःचं भाषण स्वतः लिहिलं होतं. मी उभ्या उभ्याच वाचलं. सुरुवात अशी होती : 'आमच्या घरात एकच फोन आहे. सकाळी तो बाबांकडे असतो, कारण त्यांना मलकापूरच्या बाजारातला भाव बघायचा असतो. दुपारी तो आईकडे असतो. शाळा बंद होत्या तेव्हा माझा नंबर दादाच्या नंतर यायचा. रेंज फक्त विहिरीच्या काठावर यायची, म्हणून मी पाचवीचं गणित विहिरीच्या काठावर शिकले.' पुढे तिने विचारलं होतं, जे शाळेत फोनवर बंदी घालायला निघाले आहेत त्यांनी आधी वर्गात विचारलं का, किती जणांकडे स्वतःचा फोन आहे?

आज ती ओळ लिहिताना मला कळतं की त्या दिवशी चौदा शाळांच्या अठ्ठावीस भाषणांत एवढा सरळ मुद्दा कोणाचाच नव्हता. तेव्हा मला काय दिसलं? मला दिसलं की यात एक सुविचार नाही, एक शेर नाही, 'अध्यक्ष महाशय' नाही. मी म्हणालो, "हा काय निबंध आहे का? विहीर कशाला आणलीस मधे? हे बघ, असं नसतं बोलायचं." आणि कपाटातून माझी वही काढून त्यातलं भाषण तिला उतरवून घ्यायला लावलं. 'विज्ञानाच्या गरुडभरारीचे पंख छाटू पाहणारे हे हात कोणाचे?' अशी त्याची सुरुवात होती. या वाक्यावर मी फार खूश होतो. मुलीने उतरवून घेतलं. तिची दोन पानं मी परत दिली नाहीत, टेबलावरच्या कागदांत सारली.

आता माझी आणखी एक करणी सांगतो. हेच भाषण मी त्याच्या आदल्याच महिन्यात माझ्या साडूला पाठवलं होतं. साडूही मास्तर, देऊळगाव राजाकडे. त्यांच्याकडेही कुठलीशी स्पर्धा होती आणि विषय साधारण हाच. "भाऊ, तुमच्याकडे काही असन तर टाका," असा त्याचा फोन आला, मी वहीच्या पानांचे फोटो काढले आणि टाकले. आपलं लेखन कोणी मागितलं की मी विरघळतो. साडूची शाळा लांबची, ती आमच्या स्पर्धेला येणार नव्हती. म्हणून मी निश्चिंत होतो. साडूने ते शिक्षकांच्या एका ग्रुपवर टाकलं, हे मला फार उशिरा कळलं.

स्पर्धेच्या दिवशी पटांगणात मंडप होता. संघ सकाळी साडेआठपासून यायला लागले. उद्‌घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार, अध्यक्षांचं प्रास्ताविक, त्यानंतर अध्यक्षांच्या चुलत्यांचं मनोगत. पहिलं भाषण सुरू व्हायला बारा वाजले. वेळेची घंटा माझ्याकडे होती. शाळेची घंटा मंडपात आणणं शक्य नव्हतं, म्हणून घरच्या देव्हाऱ्यातली आणली होती. चार मिनिटं झाली की एकदा वाजवायची, पाच झाली की दोनदा. मी परीक्षकांच्या शेजारीच टेबलाला टेकून बसलो होतो. मुलीची आई दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती, नव्या लुगड्यात, मांडीवर पिशवी घेऊन. ती भाषणं ऐकण्यापेक्षा माईककडे जास्त बघत होती.

सहावा संघ मलकापूरकडचा होता. त्यांचा प्रतिकूल बाजूचा मुलगा उठला. टाय, पॉलिश केलेले बूट, तोरा काही औरच. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "विज्ञानाच्या गरुडभरारीचे पंख छाटू पाहणारे हे हात कोणाचे?"

माझ्या हातातली घंटा मांडीवर आपटून किणकिणली. परीक्षकांनी वळून बघितलं, मी मान हलवली. मुलगा पुढे बोलत राहिला आणि शब्द न् शब्द माझा होता. पाणावल्या डोळ्यांनी थांबायच्या जागीसुद्धा तो थांबला. मी मंडपाच्या डाव्या बाजूला पाहिलं. आमची मुलगी ताठ बसली होती आणि माझ्याकडेच बघत होती.

जेवणाची सुट्टी झाली. वरण-बट्टीच्या रांगेत मी वाढणाऱ्यांवर ओरडत होतो, तेवढ्यात ती माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "सर, त्यानं तर आपलंच म्हनलं. मी माहंवालं म्हनू काय? मले येते ते. पाठ करा लागत नाई."

या एका क्षणासाठी मी मला माफ करू शकलेलो नाही. सगळं माझ्या हातात होतं. नुसतं 'म्हण' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी तिकडे बट्ट्या कमी पडल्या म्हणून तापलो होतो, अध्यक्ष पानावर बसायचे होते, आणि खरं सांगायचं तर तिची ती विहीर एवढ्या लोकांपुढे निघालेली मला नको होती. शाळा माझी, मंडप माझा. मी खेकसलो, "आता ऐनवेळी काही नवं काढू नको. पाठ आहे तेच म्हण. जेवल्यावर परीक्षक कुठे एवढं ऐकतात!"

तिने "हाव सर" म्हटलं आणि गेली. ताट तिने घेतलंच नाही, असं शाळेतल्या एका बाईंनी नंतर मला सांगितलं.

परीक्षक जेवल्यावरही ऐकत होते. एकटेच होते ते, निवृत्त प्राध्यापक, डोळे मिटून बसायचे, त्यामुळे मला वाटलं होतं पेंगतायत. रीतीप्रमाणे आमचा संघ शेवटी आला. मुलीने पंखांपासून सुरुवात केली. एकही शब्द चुकला नाही, एकही 'ण'चा 'न' झाला नाही. तालमीत मी घासून घेतलं होतं ते. पहिल्या वाक्याला मागच्या रांगांतून खसखस पिकली. दुसऱ्या परिच्छेदाला काही पोरं तिच्या आधीच वाक्य पूर्ण करायला लागली. तिने आवाज चढवायच्या जागी चढवला आणि माझ्या घंटेच्या आधी भाषण संपवलं. तिची आई टाळ्या वाजवत होती. लोक कशाला हसतायत हे तिला कळलं नव्हतं.

निकालाच्या आधी परीक्षक बोलायला उभे राहिले. म्हणाले, दोन भाषणं अक्षरशः एक आहेत, तेव्हा दोघांनी पुढे यावं. दोघं आली. परीक्षकांनी आधी मुलाला विचारलं, "बेटा, हे भाषण कोणी लिहिलं?"

"मी स्वतः लिहिलं, सर."

मग त्यांनी हिला विचारलं. हिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मला वाटतं, मी उठेन म्हणून ती थांबली होती. मग तिने माईककडे तोंड केलं आणि मी जसं शिकवलं होतं अगदी तसंच म्हणाली, "मी स्वतः लिहिलं, सर."

सगळा मंडप हसला. मलकापूरकडच्या मुलाचे मास्तर पलीकडच्या खुर्चीत बसले होते. आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघांनीही खाली बघितलं. दोन बाप्ये, दोघांच्याही खिशाला पेन, आणि दोघंही मूग गिळून बसलेलो.

परीक्षक वाईट माणूस नव्हता. तो शांतपणे बोलला, म्हणून ते जास्त लागलं. म्हणाला, जो आधी बोलला त्याला संशयाचा फायदा देऊ. जी नंतर बोलली तिचे गुण धरलेले नाहीत. आणि मग सगळ्यांना उद्देशून : "मुलांनो, चोरी फक्त पैशांचीच नसते. शब्दांचीही असते. आणि चोरीपेक्षा वाईट असतं ते चोरी करून वर खोटं बोलणं." तेव्हा टाळ्या वाजल्या. आमचे अध्यक्षही वाजवत होते. मग परीक्षकांनी नियमांचा कागद वर धरला आणि चौथा नियम मोठ्याने वाचून दाखवला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी वर्गात शिकवतो. त्या दिवशी चोर टेबलाला टेकून घंटा हातात घेऊन बसला होता.

मी काऊन उठलो नाही? अध्यक्ष बसले होते, त्यांच्या वडिलांच्या नावाचा पहिलाच कार्यक्रम होता. मी उठून 'दोन्ही भाषणं माझी आहेत' म्हटलं असतं तर नियम लिहिणाऱ्यानेच नियम मोडला हे चौदा शाळांना कळलं असतं, पेपरात आलं असतं. हा सगळा हिशेब मी बसल्या जागी केला. मला वाटलं, पोरगी आहे, विसरून जाईल. नंतर समजावून सांगू.

मंडप रिकामा होत असताना तिची आई माझ्याकडे आली. मुलगी दहा पावलांवर पाठ करून उभी होती. आईने दोन्ही हात जोडले. म्हणाली, "सर, तुमची मान खाली घातली आमच्या पोरीनं. तुमच्या घरच्या कार्यात असं केलं तिनं. माफ करजा बाप्पा."

मी म्हणालो, "असू द्या."

एवढंच. असू द्या! मराठीचा मास्तर मी, दुसऱ्यांना पाच-पाच मिनिटांची भाषणं लिहून देणारा, आणि माझ्या तोंडून एवढेच दोन शब्द निघाले. आणि तेही मोठेपणाने क्षमा केल्यासारखे.

त्यानंतर मुलगी शाळेत येत राहिली. पोरं तिला 'गरुड' म्हणायला लागली. मी दोघातिघांचे कान पिळले, त्याने नाव जास्तच चिकटलं. वर्गात वाच म्हटलं की ती वाचायची, पण हात वर करणं तिने सोडून दिलं. मी तिला एकदाही बाजूला बोलावून काही सांगितलं नाही. रोज वाटायचं उद्या बोलू, आणि उद्या परीक्षा असायची, नाही तर सराव असायचा. माझ्याकडे कारणांना तोटा नव्हता.

दहावीचा निकाल लागल्यावर ती दाखला न्यायला आली. मलकापूरला अकरावीला जाणार होती. ऑफिसात कारकून नव्हता, मीच होतो. दाखला शोधताना कागदांच्या गठ्ठ्यात ती वहीची दोन पानं सापडली. घडी तशीच होती. मी ती दाखल्यासोबत तिच्यापुढे ठेवली आणि एकदाचं बोललो. म्हणालो, "त्या दिवशी मी उठायला पाहिजे होतं. भाषण माझं होतं, चूक माझी होती. तू खोटं बोललीस ते मीच शिकवलं होतं."

तिने पानं उघडून बघितली. विहिरीची ओळ तिने बहुतेक मनातल्या मनात वाचली. मग पानं दुमडून पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले काऊन सांगता सर? मले तं माहीतच हाये. मायले सांगा."

"सांगीन," मी म्हणालो.

"बाजारात असते ते. सोमवारी." आणि ती गेली. पाया वगैरे पडली नाही, ते बरं केलं.

पुढच्या सोमवारी मी गेलो. भाजीच्या रांगेत तिसऱ्या पालाखाली ती बसली होती. पुढ्यात मेथीच्या जुड्या, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. मला बघून लगबगीने उठली, बसायला पोतं झटकलं. "या सर, या. पोरीचा दाखला दिला तुम्ही, लय झालं. तिले मनात नका ठेऊ. लहान हाये ते." आणि मी काही मागायच्या आत दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या.

मी उभ्यानेच सांगितलं. भाषण मी लिहिलं होतं. त्या मुलाकडे गेलं तेही माझ्यामुळेच. हिने स्वतःचं वेगळं लिहिलं होतं, चांगलं होतं, मीच ते बाजूला ठेवलं. हिने ते म्हणू का असं विचारलंही होतं, मी नाही म्हणालो. स्वतः लिहिलं असं सांग, हेही मीच शिकवलं होतं. तुमच्या मुलीने काही चोरलं नाही, ताई.

तिने सगळं ऐकून घेतलं. तराजूच्या पारड्यात अर्धी वांगी होती, ती तिने काढून परत ढिगावर ठेवली. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि खरं तर त्या मला हव्याही होत्या.

"मंग सर," ती म्हणाली, "त्या दिशी घरी नेऊन मी तिले लय मारलं. चोट्टी म्हनून मारलं. जल्मात पयल्यांदा हात उचलला तिच्यावर. आन ते काईच बोल्ली नाई, तुमचं नाव नाई घेतलं तिनं. त्याचं काय करू मी आता?"

मागून एका गिऱ्हाइकाने वांग्यांचा भाव विचारला. तिने तो सांगितला नाही. ती माझ्याकडेच बघत होती, आणि मी मेथीची पिशवी हातात धरून उभा होतो.